कवळीवाल्यांचं हिरवं दार

माझ्या हातून चूक झाली ती एका शब्दाची. फॉर्मवर रकाना होता, 'सध्या घरात कोण राहतं', आणि त्यात मी लिहिलं, 'रिकामं. किरकोळ गिलाव्याचं काम चालू, आठ दिवसांत पुरं होईल.' मोजले तर शब्द एकाहून जास्त भरतात, पण नडला तो पहिला.

मी घरं विकून देणाऱ्या एका एजंटाच्या कचेरीत कामाला आहे. विकायला आलेलं घर बघून यायचं, खोल्या मोजायच्या, नळ सोडून बघायचे, खिडक्या उघडमीट करायच्या आणि फॉर्म भरून साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, एवढं माझं काम. ज्या लहानशा गावातल्या शाळेत मी शिकलो, तिथले मास्तर निबंध तपासताना सांगायचे, मनचं लिहू नका, दिसेल ते लिहा. मी आयुष्यात एकदाच त्यांचं ऐकलं.

घर बैठं होतं, अरुंद रस्त्याला लागून, औषधांच्या दुकानापासून तिसरं. तीन खोल्या. मागच्या दोन खरोखरच रिकाम्या होत्या, इतक्या की माझ्या खोकल्याचा मलाच प्रतिध्वनी आला. रस्त्यावर उघडणाऱ्या पुढच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ केसांपासून चपलांपर्यंत पांढरे होऊन बसले होते. हातात लहानशी पाती, पायाशी पांढऱ्या लगद्याची बादली, एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत टांगलेली जुनी चादर. ना पलंग, ना कपाट, ना कपडे वाळत घातलेले. मी विचारलं, काम किती दिवसांचं आहे. त्यांनी वर न बघता सांगितलं, "आठ दिवस धरा. घाई केलीत तर नीट बसणार नाही." मला पटलं. मी आभार मानले, दाराची रुंदी मोजली आणि निघालो.

ते गवंडी नव्हते. सव्वीस वर्षं त्या खोलीत राहणारे भाडेकरू होते आणि दातांच्या कवळ्या बनवण्याचा त्यांचा धंदा होता. झोपायची घडीची खाट दाराच्या मागे उभी होती, म्हणजे दार उघडून आत येणाऱ्याला ती कधीच दिसायची नाही. चादरीमागे काय होतं ते पुढे येईलच. त्यांना मी गिऱ्हाईक वाटलो होतो. इतक्या कोवळ्या वयात याचे दात गेले कसे, याचं त्या दिवशी त्यांना वाईटही वाटलं होतं म्हणे.

इथवर एक वेळ निभावलं असतं. पण ते घर विकत घेतलं माझ्या सख्ख्या आत्यानं, आणि तेही माझ्या शब्दावर.

आत्या चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. हजारो माणसांना तिनं एकमेकांशी जोडून दिलं आणि त्यांतल्या एकाचंही तोंड पाहिलं नाही. आवाज अजून असा की कुजबुजली तरी शेजारच्या खोलीतला माणूस सावरून बसतो. राहायची चौथ्या मजल्यावर. गुडघ्यांनी जिन्याशी बोलणं टाकल्यावर तिनं ते घर विकायला काढलं आणि मी पुढे होऊन सांगितलं, आत्या, एक बैठं घर आहे माझ्या नजरेत, रिकामं. तिच्या घराला गिऱ्हाईक मिळालं. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला त्यांना ताबा द्यायचं ठरलं. इकडचे कागदही झाले. किल्ली हातात आल्यावर ती पडद्यांची मापं घ्यायला म्हणून गेली आणि दुपारी तिचा मला फोन आला.

"दिवटे," ती म्हणाली. लाडात असली की ती मला याच नावानं हाक मारते, आणि रागात असली तरीही. "तुझ्या रिकाम्या घरात एक गृहस्थ आहेत. त्यांच्या हातात कोणाचे तरी दात आहेत. त्यांनी मला चहा विचारला. माझ्याच घरात."

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. जुनी घरमालकीण वारली होती. तिचा मुलगा दूरदेशी, त्यानं घर तिकडूनच विकलं. भाडेकरू आईच्या आधीच गेला असणार, असा त्याचा समज. आईच्या खात्यात दर महिन्याला आपोआप काही जमा होत होतं, ते कशाचं हे विचारायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. भाड्याचा कागद नव्हताच. म्हातारी आणि हे कवळीवाले काका यांच्यात जे ठरलं ते उंबऱ्यावर उभ्यानं ठरलं होतं, आणि दोघांनी ते पाळलं होतं.

साहेबांनी माझा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. लिहिलं तू, आता पुसायचंही तूच, असं म्हणाले. जा, गोड बोल, आणि तीस तारखेच्या आत खोली मोकळी करून घे.

गोड बोलायला मी तीनदा गेलो.

पहिल्या वेळी आत गिऱ्हाईक होतं. पोस्टमनची सासू. ती बाई त्या भागात याच नावानं ओळखली जाते. नवी कवळी घालून खुर्चीत बसली होती आणि काका तिला मोजायला लावत होते. ही त्यांची रीत. कवळी कितीही छान दिसो, हातात देण्याआधी माणसानं साठपासून सत्तरपर्यंत मोठ्यानं मोजून दाखवायचं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करत वर चढायचं. त्या दहा आकड्यांत जीभ, टाळू आणि पुढचे दात यांची आपसांतली सगळी भांडणं बाहेर येतात, असं काका सांगतात. बाई सहासष्टवर अडकत होत्या. प्रत्येक वेळी तिथे शिट्टी वाजायची. काका कवळी काढून घ्यायचे, मशीनवर केसभर घासायचे, धुवायचे, परत द्यायचे. बाई पुन्हा साठपासून. मी स्टुलावर बसून होतो, खिशात कचेरीच्या कागदावर छापलेली नोटीस. बाईंनी सत्तर गाठले तेव्हा मीसुद्धा त्यांच्याबरोबर मोजत होतो. नंतर लगेच नोटीस काढणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं, पण काकांच्या तोंडात दात नव्हते. त्यांना स्वतःला चाळिशीपासून कवळी आहे. बोलायचं नसलं की ती काढून वाटीतल्या पाण्यात ठेवतात. दात वाटीत गेले की दुकान बंद, मग समोर कोणीही बसो. मी दारात दिसलो तेव्हा दात तोंडातच होते. मी आत आलो तेव्हा वाटीत. अर्धा तास मी एकटाच बोललो, हवेबद्दल, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल. ते मान हलवत मेणात दात रोवत होते. आत्या येऊन गेल्यावर त्यांना अंदाज आलाच होता.

तिसऱ्या वेळी मी उंबऱ्यावरूनच म्हटलं, "काका, दात राहू द्या. दोनच मिनिटं."

ते हसले. भुवयांवरची भुकटी खाली पडली. मग मी सगळं सांगून टाकलं, फॉर्म, रकाना, गिलावा, आत्या, तिचे गुडघे, तीस तारीख. त्यांनी पाती खाली ठेवून ऐकलं.

"म्हणजे मी गवंडी," ते म्हणाले.

"हो."

"आणि ते आठ दिवस."

"तेही लिहिले."

"अडुसष्ट वर्षांचा आहे मी. शिडीवर चढून भिंत लिंपीन असं वाटलं तुला माझ्याकडे बघून?" त्यांनी विचार केला. "बरं वाटलं ऐकून."

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

काकांचं आयुष्य तसं पडद्याआड गेलं. विशीत ते एका दातांच्या डॉक्टरांकडे लागले. डॉक्टर पुढे बसायचे, काका मागच्या खोलीत, मध्ये पडदा. डॉक्टरांनी तोंडात घेतलेला ठसा मागे यायचा. काका त्यात प्लास्टर ओतायचे आणि ते सुटलं की माणसाचा जबडा हातात. त्यावर मेणाची हिरडी, मेणात एकेक दात, मग तोंडात घालून बघणं, मग मेण वितळवून त्याच्या जागी गुलाबी कवळी, शेवटी घासून गुळगुळीत. बावीस वर्षं त्यांनी माणसं तोंडावरून नाही, जबड्यांवरून ओळखली. डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा पेशंटांनीच पडदा बाजूला केला आणि विचारलं, आता तुम्ही कुठे बसणार. तेव्हा त्यांनी ही खोली घेतली. बायको त्या आधीच गेली होती. एक मुलगी, लग्न होऊन दूर असते, रविवारी फोन करते. तो फोन तेवढा ते दात घालून घेतात.

आताचे डॉक्टर काम मोठ्या कारखान्यांकडे पाठवतात. काकांकडे उरलं ते असं: पडून तुटलेली कवळी, हिरडी आटल्यामुळे सैल झालेली कवळी, आणि काही म्हातारी माणसं ज्यांना दुसऱ्या कोणाच्या हातचं चालत नाही. पाटी त्यांनी कधी लावली नाही. पाटी वाचून दात करायला कोण जातं, असं त्यांचं म्हणणं. फोन आहे, पण मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही आणि नंबर मुलीशिवाय कोणाकडे नाही. पत्ता तोंडी चालतो: औषधांच्या दुकानापासून तिसरं, हिरवं दार.

"खोली मिळेल मला," ते त्या दिवशी म्हणाले. "नळ हवा, वीज हवी, पाठ टेकण्यापुरती जमीन हवी. पण माझी माणसं कशी येतील? कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, दात तर कोणालाच नाहीत. सव्वीस वर्षांत त्यांना एवढंच पाठ झालंय, हिरवं दार. ते सापडलं नाही तर ती मला शोधत बसणार नाहीत. घरी जातील आणि पातळ काहीतरी पिऊन राहतील. आणि मी तिथे मशीन पुसत बसेन."

"मग काय करायचं?"

"दार मला द्या."

मी दाराकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मागे मापं घेतली होती ती नुसती मापं होती. दार हिरवं होतं, म्हणजे एके काळी. खालची एक फळी सडली म्हणून तिथे पत्रा ठोकलेला. कमरेच्या उंचीवर रंग उडून लाकूड गुळगुळीत झालेलं. पायरी चढताना गुडघेदुखीवाले तिथे तळवा टेकायचे.

मी लगेच हो म्हणून टाकलं. दार माझं नव्हतं, हे मला कोपऱ्यावर पोचल्यावर आठवलं.

मी आत्याला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच तिथे गेली, मला बरोबर घेऊन. स्टुलावर बसली आणि म्हणाली, दार कशाला हवंय ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय, हा काय सांगतो त्यावर माझा भरवसा नाही.

काकांनी उठून चादर बाजूला केली. मागे भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर जबडे. पांढरे, कोरडे, ओळीनं मांडलेले, तीनशेच्या आसपास. प्रत्येकाखाली चिठ्ठी. नावं नव्हती. 'डावीकडून चावणारे.' 'घोरणाऱ्या बाई.' 'शिट्टीवाले मास्तर.' 'पोस्टमनची सासू.' माणूस जिवंत आहे तोवर त्याचा साचा टाकायचा नाही, ही काकांची दुसरी रीत. कवळी कधी फुटेल सांगता येत नाही.

"यांतले निम्मे अजून हिंडतेफिरते आहेत," काका म्हणाले. "ते या दाराशी येणार. दार जिथे असेल तिथे मी."

"आणि मी काय उघड्यावर राहू?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, नवं दार करून घेऊ, सुतार माझ्या ओळखीचा आहे. तीस तारखेला सकाळी जुनं निघेल, दुपारी नवं लागेल. आत्यानं माझ्याकडे मागे फिरून बघितलंसुद्धा नाही. तिनं काकांनाच विचारलं, "हा हे कुठे लिहून देतोय का? मग मला नको." पण दार न्यायला ती नाही म्हणाली नाही. इतका वेळ काका तिच्या तोंडाकडे बघत होते. ऐकणाऱ्यासारखं नव्हे, कधी न पाहिलेला माल पारखावा तसं.

"आणखी काही?" आत्यानं विचारलं. ही तिची नोकरीतली सवय, प्रत्येक संभाषण ती असंच संपवते.

"दात तुमचे स्वतःचे?"

"सगळे. एक अक्कलदाढ सोडून," आत्या म्हणाली. या बाबतीत ती अभिमानी आहे आणि प्रामाणिकही.

काकांनी हात पुसले. या वयाच्या माणसाचं भरलेलं तोंड त्यांच्या खोलीत कधी आलंच नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे माणसं येतात ती तोंडाचं घर रिकामं झाल्यावर. मूळचे दात या वयापर्यंत कसे झिजतात, कुठे सरकतात, हे ते आजवर अंदाजानं करत आले होते. "एक ठसा देऊन जा," ते म्हणाले. "चार मिनिटं तोंड उघडं ठेवायचं, बस. दाराच्या बदल्यात नाही मागत. नुसतं मागतोय."

आत्याला ते आवडलं असावं. येईन, असं ती म्हणाली. नव्या घरात एकदा बस्तान बसू दे, मग येईन.

मग माझे आणि सुताराचे दिवस सुरू झाले. सुतारानं मंगळवारी देतो म्हणून सांगितलं होतं. त्याचा प्रत्येक मंगळवार वेगळ्या आठवड्यातला असतो, हे मला नंतर कळलं. काकांनी दोन गल्ल्या सोडून एका लाँड्रीच्या मागे खोली बघितली. नळ होता, वीज होती, लाँड्रीवाल्याची हरकत नव्हती. तीस तारीख आली. नव्या दाराचं विचारायला गेलो तर सुतार म्हणाला, झालंच आहे, फक्त फळ्या जोडायच्या राहिल्यात.

ही बातमी मी आत्याला दिली नाही. सकाळी आठला सुतारानं हिरवं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. तीनशे जबडे आदल्या दिवशीच खोक्यांत कापूस घालून गेले होते. दार मी आणि सुतारानं आडवं धरलं आणि काका पुढे चालले. वळणावर ते हात वर करून थांबवायचे आणि कोपरा, कोपरा म्हणायचे. दार जन्मात पहिल्यांदाच रस्त्यानं फिरत होतं. दोन गल्ल्यांना आम्हाला पाऊण तास लागला.

तिथे पोचल्यावर सुतारानं माप लावलं. चौकट दोन बोटं अरुंद निघाली. दाराची रुंदी फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिलेली होती, चौकटीची मात्र कोणी मोजली नव्हती. सुतारानं खांद्यावरच्या पिशवीतून रंधा काढला.

"दार तासतो. दोन बोटांनी काय बिघडतंय."

"दाराला हात लावायचा नाही," काका म्हणाले.

सुतारानं समजावून सांगितलं की जगात दार चौकटीत बसवतात, चौकट दाराला नाही. शिवाय चौकट लाँड्रीवाल्याची. शिवाय भिंत फोडावी लागेल. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"अठ्ठेचाळीस वर्षं मी हिरडीला धक्का न लावता कवळी घासत आलोय," ते म्हणाले. "आज एकदा उलटं करू दे."

लाँड्रीवाला काय चाललंय बघायला आला. भिंतीला ओल होती, चौकटीचा एक खांब तसाही भुसभुशीत झाला होता. फुकटात नवा लागतोय म्हटल्यावर त्यानं हो म्हटलं. मग भिंतीची कड फोडली, खांब बदलला, आणि बाजूचं गिलाव्याचं काम कोणी करायचं असा प्रश्न आला तेव्हा काकांनी बादलीत पांढरा लगदा कालवला आणि माझ्याकडे बघितलं. "गवंडी आहे ना इथे." त्यांनीच ते लिंपलं. छान लिंपलं. माझा फॉर्म एका अर्थी त्या दिवशी खरा झाला, फक्त पत्ता चुकला.

मी परत आलो तेव्हा टेम्पो उभा होता, सामान रस्त्यावर होतं, आणि आत्या स्वतःच्या घरासमोर, जिथे दार असायला हवं होतं त्या भोकाकडे बघत होती.

"दिवटे. दार."

"येतंय."

"कुठून?"

तिला खरं सांगितलं. तिनं एक खुर्ची उघडायला लावली, ती त्या भोकात मांडली आणि तीत बसली. सामान तिच्या दोन्ही बाजूंनी आत गेलं. त्या दिवसापासून नऊ रात्री मी काकांच्याच जागी, आत्याच्या घडीच्या खाटेवर, दार म्हणून झोपलो. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

चौथ्या दिवशी काकांकडे डोकावलो. हिरवं दार जागेवर होतं, पत्रा घासून चकचकीत केलेला. फळ्या लागल्या होत्या, जबडे मांडले होते. मशीन बंद होतं. हातात काम नव्हतं म्हणून ते आपलीच कवळी पॉलिश करत होते. मला बघून त्यांनी ती तोंडात घातली नाही, वाटीत ठेवली. मी विचारलं, कोणी आलं का. त्यांनी चार बोटं दाखवली. मला वाटलं चार माणसं. ते दिवस होते.

दार नेलं की माणसं येतील, हा त्यांचा हिशेब होता. पण दार लाँड्रीच्या मागे उभं होतं, आणि लाँड्रीच्या मागे कोणी कशाला बघेल? माणसांना दाराचा रंग पाठ होता तसं औषधांचं दुकानही पाठ होतं.

संध्याकाळी आत्याकडे हे बोललो. तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, दिवसाला तीन-चार म्हातारी माणसं समोर येऊन थांबतात. भोकाकडे बघतात, सामानाकडे बघतात, तोंडावर हात धरतात आणि निघून जातात. मला वाटलं मला बघून जातात. आम्ही दोघांनी त्याचा अर्थ लावला. उघडं घर, आत पसारा, अनोळखी बाई दारात बसलेली. कवळीवाले राहिले नाहीत असं समजून माणसं मुकाट्यानं परतत होती. पोस्टमनच्या सासूनं तर बाजारात तसं सांगितलंही होतं, हळहळ व्यक्त करून.

दुसऱ्या दिवशी आत्यानं खुर्ची पायरीवर आणली. नवं दार ठरल्या दिवशी लागलं असतं, तर ती आत कडी लावून बसली असती, एवढं मी सुताराच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. पहिलं माणूस थबकलं तसा तिनं आवाज दिला. चौतीस वर्षांचा आवाज तो.

"कोण हवंय?"

म्हातारा हलेना. तोंडावरचा हातही काढेना.

"कवळीवाले हवेत? जोडून देते. सरळ जा. दुसरं वळण डावीकडे. लाँड्रीच्या मागे, हिरवं दार. पुन्हा सांगू?"

ती प्रत्येकाला दोनदा सांगायची आणि त्याच्याकडून एकदा वदवून घ्यायची. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तिनं मला पुठ्ठ्यावर रस्ता काढायला लावला. स्वतः वाचून तपासला. तिच्या मते मी काढलेल्या कुठल्याही गोष्टीला तपासणी लागते.

त्या दुपारी मी काकांकडेच होतो. दारावर थाप पडली, कमरेच्या उंचीवर, गुळगुळीत झालेल्या जागी. पोस्टमनची सासू आत आली. काकांना बघून ती क्षणभर उभी राहिली, मग म्हणाली, "आहात होय," आणि खुर्चीत बसली. रुमालात कवळीचे दोन तुकडे होते. तुम्ही गेलात असं ऐकून धक्क्यानं हातातून पडली, असं तिनं सांगितलं. ऐकलं कोणाकडून, हे तिनं सांगितलं नाही.

काकांनी वाटीतून दात काढले, झटकले आणि तोंडात घातले. "एक तास बसा," ते म्हणाले. मशीन सुरू झालं. तासाभरानं बाई साठपासून निघाल्या आणि सहासष्टवर न अडकता सत्तरला पोचल्या.

नवं दार दहाव्या दिवशी आलं. तपकिरी आहे, नीट आहे. आत्या दिवसभर ते उघडं ठेवते, त्यामुळे सुताराला आपला अपमान झाल्यासारखं वाटतं. खुर्ची पायरीवरच असते. माणसं आता तिच्यापाशी रस्ता विचारायला कमी आणि गुडघ्यांबद्दल बोलायला जास्त थांबतात, पण ती सगळ्यांना पुढे पाठवते. कचेरीत मी नव्या घराचा फॉर्म भरताना कोणीही पांढरा माणूस दिसला तर त्याला तो कोण हे दोनदा विचारतो. गेल्या महिन्यात एकाला विचारलं, तो गवंडीच निघाला आणि रागावला.

ठसा मात्र राहिला आहे. चार महिने होत आले. आत्या ज्या कोणाला पाठवते, त्याच्याबरोबर काका निरोप परत पाठवतात, बाईंना सांगा, चार मिनिटं. आणि आत्या पुढच्या माणसाबरोबर उलट सांगते, पुढच्या आठवड्यात. मला विचाराल तर तिला ते चार मिनिटं तोंड उघडं ठेवून गप्प बसणं अवघड वाटत असावं. चौतीस वर्षांत असा प्रसंग आलेला नाही.

काकांनी जागा धरून ठेवली आहे. मधल्या फळीवर, 'शिट्टीवाले मास्तर' आणि 'पोस्टमनची सासू' यांच्यामध्ये वीतभर रिकामी जागा आहे. तिच्याखाली चिठ्ठी लावून झाली आहे, 'टेलिफोनवाल्या बाई, सगळे स्वतःचे'. रोज सकाळी बाकी फळ्यांबरोबर तीही पुसली जाते. परवा मी चुकून तिथे चहाचा कप ठेवला. काकांनी दात काढून वाटीत ठेवले.